देवाच्या सामर्थ्यावर टेकायचं म्हणजे रोजच्या सेवेत नक्की काय करायचं?

वाटसरू_सेवक (धागाकर्ता)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

विषय जुनाच आहे, पण उत्तर उपदेशातलं नको आहे. गेलं वर्ष सेवेत फार जड गेलं. मंडळीत दोन तट पडले आणि एक तट निघून गेला. जाताना जे बोलायचं ते बोलून गेला, ते माझ्या मुलांच्याही कानावर पडलं. त्याच काळात एकामागून एक दफनविधी आले. सकाळी कबरीजवळ उभं राहायचं, संध्याकाळी लग्नात हसऱ्या चेहऱ्याने आशीर्वाद द्यायचा, आणि पाठ टेकते न टेकते तोच दवाखान्यातून फोन. सेवेत हे यायचंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. थकलोय म्हटलं की लोक हातावर वचन ठेवतात. फिलिप्पै ४:१३ तर इतक्या जणांनी पाठवलंय की मोबाइल उघडायचीच धास्ती वाटते. मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करू शकतो, हे खरंच आहे. मी स्वतः त्यावर कितीदा तरी बोललोय. पण ज्या सुरात ते येतं, त्याचा अर्थ 'झालं ना आता? उठा, कामाला लागा' एवढाच होतो.

म्हणून विचारतो. तुमच्यापैकी जे सेवेच्या कठीण काळातून गेलेत, त्यांच्याकडे देवाचं सामर्थ्य कोणत्या वाटेने आलं? प्रार्थनेतून, माणसांतून, झोपेतून, की कामं खाली ठेवल्यावर? जसं घडलं तसं लिहा. गोड करून लिहू नका.

---

ठाम_पाया

पाळकसाहेब, राग मानू नका, स्पष्ट लिहितो. ज्याने नांगराला हात घातला त्याने मागे बघू नये, हे प्रभूने आधीच सांगून ठेवलंय. २ करिंथ ११ काढा, पौलाने काय काय सोसलं त्याची यादी आहे. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा तारू फुटलं, एक दिवस आणि एक रात्र समुद्रात. या माणसाने कुठे सुटी मागितल्याचं वाचलंय? हल्ली 'बर्नआऊट' हा शब्द आला आणि प्रत्येक सेवकाला तो झाला. माझ्या मते मूळ दुखणं एकच, गुडघे टेकणं कमी झालंय. उपवास धरा, पहाटेची वेळ प्रभूला द्या. बाकी सगळं त्यामागून येतं.

---

मातीचं_भांडं

ठाम_पाया, यादी बरोबर दिलीत, पण मध्येच थांबलात. ती फटक्यांवर आणि समुद्रावर संपत नाही. या सगळ्याशिवाय सर्व मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर असते, असं तो पुढे म्हणतो. फटके जिथे मोजलेत तिथेच ही चिंताही मोजली आहे. धागाकर्त्याचं दुखणं नेमकं तेच आहे.

आणि ते पत्र पहिल्यापासून वाचलं तर सुपरमॅन पौल कुठेच सापडत नाही. पहिल्याच अध्यायात तो लिहितो की आशियात आमच्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा आम्ही सोडली होती. सातव्यात म्हणतो, मासेदोनियात आलो तरी देहाला चैन नाही, बाहेर भांडणं आणि आत भीती. आता पुढची ओळ बघा. दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवाने त्याचं सांत्वन केलं, पण कसं? त्याचा सहकारी तीत याच्या येण्याने! दर्शन नाही, देवदूत नाही. तीत आला, करिंथची बरी बातमी घेऊन आला, आणि पौलाच्या जिवात जीव आला. बारावा अध्याय सगळ्यांना पाठ असतो, देहातला काटा, तो दूर व्हावा म्हणून तीनदा केलेली विनंती, 'माझी कृपा तुला पुरे आहे'. सातवा कुणी उघडत नाही.

फिलिप्पै ४:१३ चंही तसंच. तेराव्या वचनाला चिकटूनच चौदावं आहे: तरी माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे चांगलं केलंत. 'मी सर्व काही करू शकतो' म्हणणारा माणूस तुरुंगात बसून फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीचे आभार मानतोय. तो एपफ्रदीत स्वतः मरता मरता वाचला होता, आणि तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल उघड लिहितो. पुढच्या वेळी कुणी तेरावं पाठवलं की उत्तरात चौदावं पाठवा, साहेब.

---

एक_विश्वासी

चौदाव्या वचनाला +१. आजपर्यंत त्याच्यावर एकही उपदेश ऐकलेला नाही.

---

नवशिक्या

सेमिनरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे हा धागा जरा घाबरतच वाचतोय.

एक शंका आहे. झोप, मित्र, मदतीचे पैसे, कामाची वाटणी, हे सगळं विश्वास नसलेला माणूसही करतोच. ऑफिसात दमलेला मनुष्यही सुटी घेतो आणि ताजातवाना होऊन येतो. मग यात 'देवाचं' सामर्थ्य कुठलं? आपण नीट नियोजन करायचं आणि त्यावर देवाच्या नावाचा शिक्का मारायचा, असं तर होत नाही ना? ठाम_पाया यांचं म्हणणं कडक वाटतं, पण निदान ते सरळ देवाकडे तरी जातं.

---

निवृत्त_पाळक

नवशिक्या, शंका चांगली आहे. वेळ घेऊन लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

१ राजे १९. आदल्या अध्यायात कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलाय, पाऊस आलाय. यापेक्षा मोठं सामर्थ्य एलीया संदेष्ट्याने काय बघायचं राहिलं होतं? तरी ईजबेल राणीचा जिवे मारण्याचा एक निरोप आला आणि तो पळत सुटला. रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. म्हणजे सामर्थ्याचा अनुभव कमी पडला म्हणून माणूस खचतो, हे खरं नाही. मोठ्या विजयानंतरच्या सोमवारी खचलेले सेवक मी कितीतरी पाहिलेत.

आता देव काय करतो बघा. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही. ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि उशाशी पाणी. एलीया खातो आणि परत आडवा होतो. तरी देवदूत रागावत नाही, दुसऱ्यांदा येऊन तेच सांगतो, आणि कारणही देतो: पुढचा प्रवास तुला झेपणार नाही. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न देव चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर विचारतो. आपली माणसं तो प्रश्न पहिल्या दिवशीच विचारतात आणि भाकर विसरतात.

होरेबवर एलीयाला मिळालं काय? देवाच्या मंद वाणीवर आपण थांबतो, पण त्यापुढे तीन कामं आहेत, आणि त्यातलं एक म्हणजे अलीशाला आपल्या जागी नेमणं. वर एक हिशेबाची दुरुस्ती: तू म्हणतोस मी एकटाच उरलो, पण माझे सात हजार आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं. नियोजन म्हणतं, माझा भार मला पेलेल असा वाटून घेतो. एलीयाला ऐकावं लागलं की भार तुझा नव्हताच, तू नसतानाही हे चालणार आहे. पहिल्याने माणूस हुशार होतो. दुसरं ऐकताना आधी जिव्हारी लागतं, मोकळं वाटतं ते नंतर. ऑफिसातली सुटी हे दुसरं काम करत नाही.

गणना ११ मध्ये मोशे तर आणखी पुढे जातो. या सगळ्या लोकांना मी एकट्याने वाहायचं असेल तर मला मारूनच टाक, म्हणतो. देव त्याला अविश्वासू ठरवत नाही. सत्तर वडील गोळा करायला सांगतो आणि मोशेवरच्या आत्म्यातून घेऊन त्यांच्यावर ठेवतो. म्हणजे वाटणी हाच आत्म्याच्या कामाचा भाग होता.

स्वतःचं एक सांगतो. एका लहान मुलाचा दफनविधी माझ्याकडे होता. पेटी इतकी लहान की दोघांनी सहज उचलली. स्तोत्र वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला माझा आवाज गेला. खोकलो, पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेला. मुलाचा बाप शेजारी उभा होता. त्याने माझ्या हातातलं शास्त्र घेतलं, ओळीवर बोट ठेवलं आणि उरलेलं स्तोत्र स्वतः वाचलं. अडखळत वाचलं, पण शेवटपर्यंत वाचलं. नंतर लोक म्हणाले की त्या दिवशी देव तिथे होता. माझा आवाज टिकला असता तर तो बाप मुकाच राहिला असता, असं मला अजून वाटतं. 'अशक्तपणात सामर्थ्य पूर्ण होतं' हे मी तिथून शिकलो. आणि लक्षात घ्या, ते सामर्थ्य माझ्या अंगात आलंच नाही, पलीकडच्या माणसात आलं.

---

पाळकांची_बायको

सगळे प्रतिसाद वाचले. एक माणूस मात्र कुणालाच दिसलेलं नाही.

मिशनरी विल्यम केरींची गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकतो. १७९३ मध्ये इंग्लंडहून बंगालात आले, १८०० सालच्या अखेरीला कृष्ण पाल यांचा पहिला बाप्तिस्मा झाला, मधली सात वर्षं धीर धरला. १८१२ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली, हस्तलिखितं जळाली, तरी पुन्हा कामाला बसले. फार मोठं काम, वादच नाही. पण त्यांची बायको डॉरथी केरी? तिला यायचंच नव्हतं, शेवटच्या घडीला तयार झाली. इथे आल्यावर वर्षभरात त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. मग तिचं मन ढासळलं ते सावरलंच नाही, आणि १८०७ मध्ये ती गेली. भाषांतरं चालू होती त्याच घरात ती होती. देवाने सामर्थ्य दिलं म्हणताना ते कुणाला दिलं आणि किंमत कुणी मोजली, हेही विचारा.

बर्मात गेलेले मिशनरी जडसन यांचं बघा. १८२४ मध्ये आव्याच्या तुरुंगात पडले, बेड्यांत वर्षाहून अधिक काळ काढला. रोज दाराशी खेटे घालणारी, अधिकाऱ्यांच्या विनवण्या करणारी, पोटुशी असताना जेवण पोचवणारी त्यांची बायको अ‍ॅन होती. बर्मी नव्या कराराचं हस्तलिखित तिने उशीत शिवून तुरुंगात पोचवलं, म्हणून वाचलं. ती १८२६ मध्ये गेली, मागोमाग तान्ही मुलगी गेली. मग जडसन इतके खचले की जंगलात जाऊन राहिले, स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठावर बसत. त्यातून बाहेर आले आणि १८३४ मध्ये पूर्ण शास्त्राचं भाषांतर संपवलं, हेही खरं आहे. पण ती कबर गाळून गोष्ट सांगू नका.

आमच्या घरात देवाचं सामर्थ्य बऱ्याचदा माझ्या पायांनी चालतं. मला त्याचं वाईट वाटत नाही, मीही बोलावणं मानूनच आले. फक्त 'प्रभूने निभावून नेलं' अशी साक्ष देताना निभावण्यात कोण कोण होतं त्यांची नावं घ्या, एवढंच.

---

ठाम_पाया

ताई, डॉरथी केरींबद्दलचं म्हणणं पटलं. नावं घेतलीच पाहिजेत.

पण माझा मुद्दा मी सोडत नाही. इथे चर्चा हळूहळू 'आराम मिळाला की सामर्थ्य मिळालं' अशी घसरते आहे. लूक २२ बघा. अटकेआधी गेथशेमाने बागेत देवदूत आला आणि त्याने प्रभूला शक्ती दिली. त्या शक्तीचं प्रभूने काय केलं? विश्रांती घेतली? तो आणखी कळकळीने प्रार्थना करू लागला आणि घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडू लागला. शक्ती मिळाल्यावर वेदना वाढली, प्याला काही टळला नाही. झोपले होते ते शिष्य! एलीयाची भाकर खरी, तशी ही रात्रही खरी. कधी कधी देव सामर्थ्य देतो ते फक्त त्याच जागी आणखी तासभर उभं राहता यावं म्हणून. हे सेवकाला कुणी सांगितलंच नाही तर पहिल्या वादळात तो पळेल.

---

निवृत्त_पाळक

हे मात्र मान्य करावंच लागेल. कुठली रात्र रतामाची आणि कुठली गेथशेमानेची, हे ओळखणंच अवघड असतं. माझा अनुभव असा, की स्वतःला ते बहुतेक ओळखता येत नाही. जवळच्या दुसऱ्या माणसाने बघून सांगावं लागतं.

---

तापमापक

पेशाने डॉक्टर आहे, तेवढ्यापुरतंच लिहितो.

१८५६ च्या ऑक्टोबरात लंडनमधल्या सरे गार्डन्सच्या सभागृहात प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांची सभा होती. कुणीतरी 'आग, आग' अशी खोटी ओरड केली आणि चेंगराचेंगरीत सात जण मेले. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांना इतका धक्का बसला की काही काळ शास्त्र नुसतं समोर आलं तरी रडू फुटायचं. पुढे आयुष्यभर उदासीनतेचे झटके येत राहिले, संधिवाताचं दुखणं वेगळंच. हे त्यांनी झाकलं नाही. सेवकीचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे त्यावर मोकळेपणाने बोलले. इतक्या प्रार्थनाशील माणसाला हे झालं, तर गुडघे कमी टेकल्यामुळे होतं असं कसं म्हणायचं?

वाटसरू, कित्येक आठवडे झोप लागत नसेल, पहाटे दचकून जाग येत असेल, जेवण नकोसं झालं असेल, ज्यात मन रमायचं त्यातही रमत नसेल, तर धाग्यावर उत्तर शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि सगळं संपवावं असे विचार येत असतील तर आजच. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं, जास्त प्रार्थना कर असं लिहिलं नाही. शेवटच्या तुरुंगवासात त्याच्याजवळ उरला तो लूक, आणि तो वैद्य होता.

---

खजिनदार

मी मंडळीच्या कमिटीत हिशेब बघतो, आमच्यावरही कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितोय.

'पाळकाने विश्वासाने जगावं' असं आमच्या बैठकीत म्हणणाऱ्या प्रत्येकाचा पगार एक तारखेला जमा होतो. पाळकांचा पगार मात्र दान कमी पडलं की मागे राहतो, आणि ते तोंड उघडत नाहीत म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी अशी प्रभूची आज्ञा आहे, १ करिंथ ९. आज्ञा पाळायची आम्ही, परीक्षा द्यायची पाळकांनी, हा कुठला न्याय?

आम्ही काही गोष्टी ठरवल्या. पगार आधी, बाकीचे खर्च नंतर. रात्रीचा फोन आधी दोन वडिलांपैकी एकाकडे जातो, अगदीच गरज असेल तरच ते पाळकांना उठवतात. सोमवारी पाळकांना कुणी कामाचं विचारायचं नाही (हे पाळायला सगळ्यात कठीण गेलं, 'एकच मिनिट' म्हणून सगळेच येतात). महिन्यातून एक रविवार उपदेश दुसऱ्या कुणीतरी करायचा आणि त्या दिवशी पाळकांनी कुटुंबासोबत मागच्या बाकावर बसायचं. पहिल्या वेळी लोक कुजबुजले, पाळकांचं काही बिनसलंय का म्हणून. प्रेषित ६ वाचून दाखवावं लागलं: बारा प्रेषितांनाही सगळं जमलं नाही, सात जण निवडले तेव्हा कुठे त्यांना प्रार्थना आणि वचनाची सेवा करता आली.

---

एक_विश्वासी

मग आमच्यासारख्या साध्या सभासदाने करायचं काय? वचन पाठवू नये का? मी तर मनापासून पाठवतो.

---

मातीचं_भांडं

पाठवा की. पण सोबत तुम्हीही या.

२ तीमथ्य ४ बघा. मरण समोर दिसत असताना पौल काय मागतो? त्रोवसात राहिलेला झगा, पुस्तकं, त्यातही चर्मपत्रं. आणि हिवाळ्यापूर्वी ये. सहकारी देमास सोडून गेलाय, तांबट आलेक्सांद्राने पुष्कळ त्रास दिलाय, थंडी तोंडावर आहे. त्याच पानावर तो लिहितो की पहिल्या जबाबाच्या वेळी कुणीच माझ्या बाजूला नव्हतं, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला आणि त्याने मला शक्ती दिली. प्रभू जवळ उभा होता म्हणून झगा नको, असं काही तो म्हणत नाही. तुमच्या पाळकाचा झगा कोणता ते शोधा. कुणाला मुलांच्या अभ्यासात मदत लागते, कुणाला असा एक माणूस लागतो ज्याच्याशी मंडळीबद्दल न बोलता तासभर बसता येईल.

---

वाटसरू_सेवक (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. तापमापक, तुम्ही लिहिलेल्यातलं निम्मं मला लागू आहे. वेळ घेतली आहे, पुढच्या आठवड्यात दाखवतो.

खजिनदारांचा प्रतिसाद आमच्या वडिलांना जसाच्या तसा पाठवलाय. त्यावर काय होतं ते कळवेन.

एक गोष्ट मात्र राहते. जे निघून गेले त्यांच्यातले काही जण रस्त्यात भेटतात. त्यांच्यासाठी प्रार्थना करायला बसलो की दोन वाक्यांत ती प्रार्थना राहत नाही, फिर्याद होते. कामाला बळ मिळेल, पण हे कुठून आणायचं?

---

निवृत्त_पाळक

फिर्यादच करा. मातीचं_भांडं यांनी दिलेल्या पानावर दोन्ही आहे. आलेक्सांद्राबद्दल पौल म्हणतो, प्रभू त्याला त्याच्या कामाप्रमाणे फेडील, आणि तू त्याच्यापासून जपून राहा. सोडून गेलेल्यांबद्दल म्हणतो, याचा हिशेब त्यांच्याकडून घेतला जाऊ नये. मुद्दाम त्रास देणारा वेगळा आणि घाबरून पांगलेला वेगळा, हे त्याने पाहिलं. तुमच्याकडे गेलेल्यांतही दोन्ही प्रकार असणार. आधी पांगलेल्यांची नावं घेऊन बघा. आलेक्सांद्राची घाई नाही.

---

नवशिक्या

माझी शंका अजून पूर्ण मिटलेली नाही. या सगळ्यात यिर्मया संदेष्टा कुठे बसतो? विसाव्या अध्यायात तो म्हणतो, देवा तू मला भुलवलंस, माझा जन्मदिवस शापित असो. त्याला ना भाकर मिळाली, ना तीत.

---

मातीचं_भांडं

अडतिसावा अध्याय वाचा. विहिरीत चिखलात रुतला होता तेव्हा कूश देशाचा एबद-मलेख राजाकडे गेला आणि माणसं घेऊन आला. दोर सोडण्याआधी जुन्या चिंध्या खाली दिल्या, त्या काखेत घे, मग दोर लाव, म्हणजे काचणार नाही. राजवाड्यातला माणूस, पण काखेचा विचार केला.

---

नवशिक्या

वाचला. सुंदर आहे. पण विसाव्यापासून अडतिसाव्यापर्यंत त्याने दिवस कसे काढले?

---

ठाम_पाया

हाडांत कोंडलेला अग्नी, त्याच अध्यायात आहे, २०:९. बोलायचं नाही म्हटलं तरी आवरेना. मी म्हणत होतो ते हेच.

---

वाटसरू_सेवक (धागाकर्ता)

यिर्मयासाठी कुणीतरी वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. खजिनदार, आमच्या वडिलांनी विचारलंय: रात्रीचा फोन घेणाऱ्या दोघांना तुम्ही आधी काही शिकवलं होतं का, की थेट जबाबदारी दिली?

---

खजिनदार

काही महिने पाळकांबरोबर दवाखान्यात नेलं. पहिल्यांदा नुसतं उभं राहायचं, बोलायचं नाही. सविस्तर संध्याकाळी लिहितो.